गटे-शिलरच्या कविता वाचायला घेताय? मग आधी एवढं करा

जर्मनच्या दोन-तीन पातळ्या पार झाल्या की बहुतेकांच्या वाट्याला हा टप्पा येतो. पुस्तकातले स्टेशनवरचे संवाद आणि भाड्याच्या खोलीच्या जाहिराती वाचून जीव विटलेला असतो, आणि कुणीतरी गटेच्या कवितांची पुस्तिका हातात ठेवतं. आपण उत्साहाने शब्दकोश काढतो, प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने अर्थ लिहितो, शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचतो, आणि हाती लागतं काय? चंद्र, जंगल, प्रेयसी, ताटातूट. मग मनात येतं, एवढं डोक्यावर घेण्यासारखं यात आहे तरी काय?

मी पुण्यात जर्मन शिकले, आणि आता अधूनमधून नव्या मंडळींना कविता वाचायला मदत करते. हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, आणि प्रश्न रास्तच आहे. साधारण १७७० ते १८४० या काळातल्या जर्मन भावकवितेचे विषय खरोखरच मोजके आहेत. दहा कवी एकाच चंद्राकडे बघतात. वेगळेपण असतं ते घडणीत: ओळ कुठे तोडली, ठोका कुठे पडला, यमक जुळवलं की मुद्दाम सोडून दिलं. त्यामुळे "कवितेचा विषय काय" हे विचारायचंच, पण जरा उशिरा. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. "अभिजात" म्हणजे नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

काटेकोर अर्थाने "क्लासिक" म्हणजे वायमार या छोट्या राजधानीतला काळ. गटे १७८६ मध्ये इटलीला गेला तिथून सुरुवात आणि १८०५ मध्ये शिलर वारला तिथे शेवट. त्यातही १७९४ पासूनची या दोघांच्या मैत्रीची अकरा वर्षं हा गाभा. पण दुकानात "क्लासिकर" म्हणून जे मिळतं त्यात आधीची वादळी पिढी असते, नंतरचे रोमँटिक कवी असतात, हायने असतो, म्योरिकेही असतो. नवख्याने हा सैल अर्थच धरावा.

इथला सापळा म्हणजे कालखंडांच्या नावांचा. कविता वाचायच्या आधीच तिच्यावर "श्टुर्म उंड ड्रांग" (त्या वादळी पिढीचं नाव) किंवा "रोमांटिक" अशी चिठ्ठी डकवायची आणि मग चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच कवितेत शोधायचं, असं सर्रास होतं. गटे १७४९ ते १८३२ असा त्र्याऐंशीव्या वर्षापर्यंत जगला. ऐन पंचविशीत देवांना शिव्या घालणारा "प्रोमेटॉइस" लिहिणारा आणि सत्तरीला टेकल्यावर हाफिजच्या नादाने "वेस्ट-ओस्टलिशर दिवान" (१८१९) छापणारा माणूस एकच आहे. आणि ह्योल्डर्लिन तर कुठल्याच कप्प्यात मावत नाही.

२. हाताशी काय हवं

- भाषेची पातळी: बी-वन असेल तर उत्तम, ए-टू असेल तर आठ-बारा ओळींच्या कविता जमतात. भूतकाळ आणि "कोन्युंक्टीव्ह" ("जणू", "असावं" असं सांगणारी क्रियापदाची रूपं) ही दोन प्रकरणं मात्र पक्की हवीत. का, ते चौथ्या पायरीवर कळेल.
- मूळ कविता: रेक्लामच्या पिवळ्या पुस्तिका. ही माला १८६७ पासून चालू आहे आणि तिचा पहिला क्रमांकच गटेच्या "फाउस्ट"चा. स्वस्त, खिशात मावणाऱ्या, आणि शेवटी टिपा. या कवितांचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे "प्रोजेक्ट गुटेनबेर्ग-डीई" आणि "झेनो" या संकेतस्थळांवर त्या फुकट मिळतात.
- शब्दकोश: मोबाइलमधला चालेल, पण सोबत "डीडब्ल्यूडीएस" हा ऑनलाइन जर्मन कोश उघडून ठेवा. शब्दाचा जुना अर्थ, व्युत्पत्ती तिथे सापडते. ग्रिम बंधूंनी सुरू केलेला मोठा कोशही आता ऑनलाइन आहे. त्याचा पहिला खंड १८५४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९६१ मध्ये, म्हणजे दोघे भाऊ जाऊन जवळपास शतक लोटल्यावर.
- ध्वनिमुद्रण: त्याच कवितेची किमान दोन वाचनं, वेगवेगळ्या माणसांची.
- एक वही, पेन्सिल आणि बंद दार असलेली खोली. मोठ्याने वाचायचंय म्हणून. घरचे हसतात.

पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनांच्या ग्रंथालयांत कवितासंग्रह आहेत, तिथे बसून चाळता येतात. जुन्या छपाईच्या प्रती मात्र सुरुवातीला टाळा. फ्राक्टुर लिपीत "स" आणि "फ" ची अक्षरं इतकी सारखी दिसतात की दोन ओळींत डोळे दमतात. ऑनलाइन संहिताही पुष्कळदा जुन्या शुद्धलेखनात असते, ती छपाईची चूक समजून दुरुस्त करत बसू नका.

३. आठ ओळींपासून सुरुवात करा

पहिली कविता कुठली, यावर माझं मत ठाम आहे. गटेचं रात्रगीत, "वांडरर्स नाख्टलीड". ६ सप्टेंबर १७८० च्या संध्याकाळी थुरिंगियातल्या इल्मेनाउजवळच्या किकेलहान डोंगरावर, एका लाकडी खोपटाच्या भिंतीवर त्याने ती लिहिली. देवनागरीत अंदाजाने अशी:

यूबर आल्लेन गिप्फेल्न
इस्ट रू,
इन आल्लेन विप्फेल्न
श्प्यूरेस्ट डू
काउम आइनेन हाउख;
डी फ्योगेलाइन श्वाइगेन इम वाल्डे.
वार्टे नूर, बाल्डे
रूएस्ट डू आउख.

सरळ अर्थ: सगळ्या शिखरांवर शांतता आहे, झाडांच्या शेंड्यांत तुला वाऱ्याची झुळूकही जेमतेम जाणवते, रानात पाखरं गप्प आहेत. थोडा थांब, लवकरच तूही विसावशील.

अर्थ कळला म्हणून पान उलटू नका. आता क्रम बघा. आधी दगडाची शिखरं, मग झाडं, मग पाखरं, शेवटी माणूस. कवी नजर खाली आणतो आणि निर्जीवाकडून सजीवाकडे येतो. सगळे शांत झालेत, राहिलाय तो एकटा "तू". आता मोठ्याने म्हणा. "रू" आणि "डू" वर तोंडाचा चंबू होऊन आवाज लांबतो, घाई करताच येत नाही. "हाउख" म्हणजे श्वास, झुळूक. हा शब्द उच्चारताना शेवटी तोंडातून नुसती हवाच बाहेर पडते, आणि कवितेचा अखेरचा शब्द "आउख" त्याच हवेवर संपतो. यमकं आधी एकाआड एक आहेत, पण शेवटच्या चार ओळींत बाहेरच्या दोन ओळी आतल्या दोघींना कवेत घेतात. विसावा कवितेत सांगितलेला आहे, त्याहून जास्त केलेला आहे.

हा विसावा झोपेचा की मरणाचा? कविता सांगत नाही, तुम्हीही घाईने ठरवू नका. गटे २७ ऑगस्ट १८३१ ला, ब्याऐंशीव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्या खोपटात परत गेला होता. भिंतीवरच्या स्वतःच्या ओळी वाचून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, असं सोबत असलेल्या अधिकाऱ्याने नोंदवून ठेवलंय. पुढच्या मार्चमध्ये तो गेला.

ही कविता शोधताना एक गंमत होते. संग्रहात ती बऱ्याचदा "आइन ग्लाइशेस", म्हणजे "तसंच आणखी एक", या नावाखाली असते, कारण तिच्या आधी त्याच नावाचं दुसरं, १७७६ चं रात्रगीत छापलेलं असतं. नावावरून शोधून भलतीच कविता वाचणारे बरेच निघतात. पहिली ओळ टाकून शोधा.

४. ठोके मोजा, मात्रा मोजू नका

मराठी वाचकासाठी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. जरा वेळ द्या.

आपल्या वृत्तांचा कान लघु-गुरूवर तयार झालेला आहे. ऱ्हस्व की दीर्घ, पुढे जोडाक्षर आहे का, यावरून आपण अक्षराचं वजन ठरवतो. जर्मन छंद वजनावर चालत नाही, आघातावर चालतो. "हाइमाट" (मायभूमी) हा शब्द घ्या. आपल्या हिशेबात दोन्ही अक्षरं गुरू. जर्मन कानाला मात्र ठोका फक्त पहिल्यावर ऐकू येतो, दुसरं अक्षर लांब असूनही पडतं. ठोक्याच्या अक्षराला ते "हेबुंग", म्हणजे चढ म्हणतात आणि पडत्या अक्षराला "झेंकुंग", म्हणजे उतार. पडता-चढता तो यांबुस, चढता-पडता तो ट्रोखेउस, एका चढानंतर दोन उतार तो डाक्टिलुस. सुरुवातीला एवढी नावं पुरतात.

प्रत्यक्ष मोजणीसाठी आयशेनडॉर्फची "मोंडनाख्ट" (चांदणी रात्र) ही १८३७ मध्ये छापलेली बारा ओळींची कविता घ्या. पहिल्या दोन ओळी:

एस वार, आल्स हेट डेअर हिम्मेल
डी एअर्डे श्टिल गेक्युस्ट

पहिल्या ओळीत ठोके "वार", "हेट" आणि "हिम्" वर, दुसरीत "एअर्", "श्टिल" आणि "क्युस्ट" वर. दर ओळीला तीन, आणि ओळ नेहमी पडत्या अक्षराने सुरू होते. टेबलावर बोटाने हलकेच वाजवत पूर्ण कविता म्हणा. तिसऱ्या कडव्यात बोट अडखळेल:

उंड माइने झेले श्पान्टे
वाइट ईरे फ्ल्यूगेल आउस,
फ्लोग डुर्श डी श्टिल्लेन लांडे,
आल्स फ्ल्योगे झी नाख हाउस.

"आणि माझ्या आत्म्याने आपले पंख दूरवर पसरले, निश्चल प्रदेशांवरून तो उडाला, जणू घरी निघाल्यासारखा." इथे "वाइट" (दूरवर) आणि "फ्लोग" (उडाला) या दोन शब्दांवर ठोका ओळीच्या अगदी सुरुवातीलाच पडतो. आत्तापर्यंत असं एकदाही ठळकपणे झालेलं नाही. पंख पसरले त्याच क्षणी लयीने कुंपण ओलांडलं, आणि शेवटच्या ओळीत ती परत मूळ चालीवर आली. बोटाने मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं.

आता व्याकरण. पहिलं कडवं "जणू आकाशाने पृथ्वीचं हळूच चुंबन घेतलं असावं" असं, म्हणजे कोन्युंक्टीव्हमध्ये. मधलं कडवं मात्र साध्या भूतकाळात: शेतांतून वारा गेला, कणसं हलली, रानं सळसळली. शेवटच्या ओळीत पुन्हा "जणू". शेतं आणि कणसं खरी, आकाशाचं चुंबन आणि घरी पोहोचणं मात्र "जणू". क्रियापदाचं रूप नुसतं ओळखून पुढे गेलात तर कविता गोड वाटेल, आणि तिच्यातली हुरहूर हातून निसटेल.

उलटा सापळाही सांगते. ठोके सापडले की काही जण कविता पाढ्यासारखी वाजवत सुटतात. जर्मन शिक्षक याला "लायर्न" म्हणतात आणि कपाळावर आठ्या घालतात. मोजणी एकदाच करायची, वहीत. म्हणताना वाक्य बोलायचं.

५. ओळीचा शेवट तपासा

ओळ ठोक्यावर संपते की ठोक्यानंतरच्या पडत्या अक्षरावर, याला "काडेंत्स" म्हणतात. ठोक्यावर संपली तर ओळ बंद होते, पडत्या अक्षरावर संपली तर पुढे रेंगाळते. "मोंडनाख्ट"मध्ये रेंगाळती-बंद, रेंगाळती-बंद अशी जोडी शेवटपर्यंत चालते, आणि शेवट होतो "हाउस" (घर) वर, घट्ट बंद.

यमकाचे तीन साचे पुरेत: लागोपाठ (अ-अ-ब-ब), एकाआड एक (अ-ब-अ-ब) आणि कवेत घेणारं (अ-ब-ब-अ). यमक नीट जुळत नाही असं दिसलं तर लगेच कवीला दोष देऊ नका. "हिम्मेल–शिम्मर" अशी अर्धी जुळणी त्या काळी खुशाल चालायची. शिवाय प्रत्येकाच्या बोलीचा प्रश्न. "फाउस्ट"मधली ग्रेटशेन प्रार्थना करते तेव्हा गटे "नाइगे" आणि "श्मेर्त्सेनराइशे" यांचं यमक जुळवतो. पाठ्यपुस्तकी जर्मनमध्ये ते बसत नाही, पण फ्रँकफुर्टकडच्या त्याच्या बोलीत मधला "ग" हा "श"कडे झुकायचा, तिथे चपखल बसतं. एवढ्या मोठ्या कवीच्या यमकात त्याचं गाव ऐकू येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

६. साचा ओळखायला शिका

इथे सगळे प्रकार सारख्या विस्ताराने सांगत नाही. काही एका ओळीत उरकतात.

*लोकगीताचं कडवं.* चार ओळी, तीन किंवा चार ठोके, एकाआड एक यमक. "मोंडनाख्ट" याच साच्यातली. दिसायला भोळा, म्हणून फसवा. हायने नेमका हाच साचा घेतो, समुद्रकाठी सूर्यास्त पाहून उसासे टाकणारी एक तरुणी उभी करतो, आणि दुसऱ्या कडव्यात तिला म्हणतो: बाईसाहेब, खुशाल असा, हा खेळ जुनाच आहे. सूर्य इथे समोर बुडतो आणि मागून परत येतो. पहिल्या कडव्यात यमकासाठी त्याने "झेअर" (फार) या शब्दाला ओढूनताणून "झेअरे" केलंय. ते अडाणीपण मुद्दाम आहे, थट्टा तिथूनच सुरू झालेली असते. साचा तोच, सृष्टीही तीच, पण आयशेनडॉर्फचा आत्मा जिथे उडतो तिथे हायने खांद्यावर थाप मारून हसतो.

*डिस्टिखोन.* ग्रीक-लॅटिनमधून आलेली दोन ओळींची जोडी, यमक नाही. पहिली ओळ हेक्सामेटर (सहा ठोक्यांची), दुसरी पेंटामेटर. शिलरने या जोडीचं लक्षण त्याच जोडीत सांगून ठेवलंय: हेक्सामेटरमध्ये कारंज्याचा द्रवरूप स्तंभ वर चढतो, पेंटामेटरमध्ये तो सुरेल होऊन खाली पडतो. दुसरी ओळ मुळातून ऐका: "इम पेंटामेटर ड्राउफ फेल्ट झी मेलोडिश हेराब". "ड्राउफ" आणि "फेल्ट" हे दोन ठोके मधोमध एकमेकांना भिडतात, मध्ये पडतं अक्षरच नाही. आवाज थांबतो, आणि थांबल्यावर जो शब्द येतो तो "पडतो" हाच. पेंटामेटर म्हणजे पाच, म्हणून पाचच ठोके शोधत बसू नका. जर्मनमध्ये तिथेही सहाच ऐकू येतात. गटेच्या "रोमन शोकगीतां"मध्ये हा साचा आहे. त्यात तो झोपलेल्या प्रेयसीच्या पाठीवर बोटांनी हेक्सामेटर मोजतो. शिलरची "नेनिए"ही यातच: सुंदरालाही मरावं लागतं, अशी सुरुवात.

आपल्या ओळखीचं उदाहरण हवं असेल तर गटेच्या शाकुंतलावरच्या चार ओळी घ्या. त्याही डिस्टिखोनच, दोन जोड्या. गेओर्ग फॉर्स्टरने विल्यम जोन्सच्या इंग्रजीवरून केलेलं जर्मन भाषांतर १७९१ मध्ये निघालं, त्याच वर्षीच्या या ओळी. वसंताची फुलं आणि उत्तरऋतूची फळं, स्वर्ग आणि पृथ्वी, सगळं एकाच नावात हवं असेल तर मी शकुंतलेचं नाव घेतो, आणि सगळं सांगून होतं. गटे शाकुंतल डोक्यावर घेऊन नाचला ही आपल्याकडची लाडकी आख्यायिका. नाचला असो वा नसो, चार ओळी तेवढ्या वाचून बघा: "विल्स्ट डू" (तुला हवंय का) पुन्हा पुन्हा येत ओळ चढत जाते आणि शेवटी एका नावावर उतरते.

*ओड.* ह्योल्डर्लिनचं घर. कडव्यातल्या प्रत्येक ओळीची अक्षरसंख्या आणि ठोक्यांच्या जागा ठरलेल्या, यमक नाही. "आन डी पार्त्सेन"मध्ये तो नियतीच्या देवींकडे गाणं पिकण्यापुरता एकच उन्हाळा आणि एकच शरद मागतो. ते अल्कीय कडवं: अकरा, अकरा, नऊ, दहा अक्षरं. जर्मन विद्यार्थी इथे घाबरतात. मेघदूताचा मंदाक्रांता कानावर असलेल्या माणसाला यमकावाचून आखीव ओळ परकी वाटण्याचं कारण नाही. इथे आपण चार पावलं पुढे असतो.

*मुक्त लय.* "प्रोमेटॉइस", "गानिमेड", "डास ग्योटलिशे". यमक नाही, ठराविक ठोके नाहीत. पण याला आजचा मुक्तछंद समजू नका, आवाज सभेत उभं राहून बोलणाऱ्याचा आहे.

*सुनीत.* चौदा ओळी, चार-चार-तीन-तीन. केशवसुतांपासून आपल्याकडे रुळलेलं. गटेचं "नाटूर उंड कुन्स्ट" वाचा. त्यात तो म्हणतो की मर्यादेतच उस्ताद दिसतो आणि नियमच आपल्याला स्वातंत्र्य देऊ शकतो. वायमारच्या सगळ्या कवितेची भूमिका या दोन ओळींत आहे.

*बॅलड.* कथा सांगणारी कविता. १७९७ या वर्षी गटे आणि शिलर चढाओढीने बॅलडं लिहीत होते. "जादूगाराचा शिष्य" आणि "हातमोजा" त्याच वर्षीची. गटेची "देव आणि बायादेरे"सुद्धा तेव्हाचीच. त्यात "महाद्यो" पृथ्वीवर उतरून एका नर्तकीकडे मुक्काम करतो, सकाळी मेलेला आढळतो, ती चितेत उडी घेते आणि देव तिला घेऊन वर जातो. हे वाचून आपल्या पुराणांत संदर्भ शोधू नका. गटे भारतात कधी आला नव्हता, युरोपीय प्रवाशांनी लिहून नेलेल्या कथेवर त्याने कविता रचली.

७. आता विषयाकडे या

इथवर आलात की विषय आपोआप उलगडायला लागतात. माझ्या वहीत पाचच मथळे आहेत: निसर्ग, प्रेम आणि निरोप, भटकंती आणि रात्र, हरवलेला ग्रीस, माणसाने कसं असावं. निसर्ग म्हणजे नुसतं वर्णन नव्हे. तरुण गटेकडे निसर्ग माणसाला उत्तर देतो, आयशेनडॉर्फकडे बोलावतो, आणि ह्योल्डर्लिनकडे तो अचानक गप्प होतो.

हे गप्प होणं बघायचं असेल तर "हेल्फ्टे डेस लेबेन्स" (अर्धं आयुष्य) वाचा. सात-सात ओळींची दोन कडवी. पहिल्यात पिवळी नाशपाती आणि रानगुलाबांनी लगडलेली जमीन तळ्यात झुकलेली, चुंबनांनी धुंद राजहंस पाण्यात माना बुडवतात. ओळी एकमेकींत वाहतात. दुसरं कडवं "वे मीर" (हाय रे) ने फुटतं: हिवाळा आला की फुलं कुठून आणू, ऊन कुठून, सावली कुठून? "वेन" (जेव्हा) या शब्दावर ओळ तुटून लटकते. मग भिंती उभ्या, मुक्या आणि थंड, आणि वाऱ्यात छपरावरचे वातकुक्कुट खणखणतात. शेवटच्या क्रियापदात, "क्लिर्रेन"मध्ये, पत्र्याचा आवाज आहे. ही कविता १८०४ मध्ये छापली गेली. १८०७ पासून १८४३ मध्ये मरेपर्यंत ह्योल्डर्लिन ट्युबिंगेनमध्ये नेकार नदीकाठच्या मनोऱ्यात, एका सुताराच्या घरी राहिला, मन बिघडलेल्या अवस्थेत. पण हे चरित्र कवितेची किल्ली म्हणून वापरू नका. कविता लिहिताना पुढची छत्तीस वर्षं त्याला ठाऊक नव्हती.

८. बोलतंय कोण, हे विचारा

कवितेतला "मी" म्हणजे कवी नव्हे. परीक्षेत "गटे म्हणतो की माझं हृदय धडधडलं" असं लिहिलंत तर गुण जातात. "ल्युरिशेस इश", कवितेतला मी, असं लिहायचं. नियम कोरडा वाटतो, पण "एर्लक्योनिग" (१७८२) वाचताना त्याची किंमत कळते. आठ कडव्यांत चार आवाज: निवेदक, बाप, मुलगा आणि मुलाला भुलवणारा एर्लराजा. वहीत प्रत्येक ओळीपुढे कोण बोलतंय ते लिहा. मग दिसेल की एर्लराजाचं बोलणं बापाला कधीच ऐकू येत नाही. शेवटच्या कडव्यात निवेदक वर्तमानकाळात धावत असतो आणि अगदी शेवटच्या ओळीत भूतकाळ येतो: मूल मेलेलं होतं.

"विलकॉमेन उंड आब्शीड" वाचताना तुमच्यासमोर कुठला पाठ आहे तेही बघा. १७७५ मध्ये छापलेल्या पाठात प्रेयसी निघून जाते आणि तो जमिनीकडे बघत उभा राहतो. १७८९ च्या पाठात तो जातो आणि ती उभी राहते. दोन वाचकांच्या टिपा एकमेकांशी जुळत नसतील तर भांडण्याआधी पाठ तपासा.

आणि "दिवान"मधल्या झुलायका या प्रेयसीच्या तोंडच्या काही कविता गटेने लिहिलेल्याच नाहीत. त्या मारिआने फोन विलेमरच्या. गटेच्या नावावर त्या छापल्या गेल्या, शूबर्टने त्यातल्या दोघींना चाली लावल्या, आणि बाई १८६० मध्ये गेल्यानंतर ही गोष्ट जगासमोर आली. वाऱ्याला उद्देशून लिहिलेल्या त्या दोन कविता "दिवान"मधल्या सर्वोत्तमांत बसतात, असं माझं मत.

९. गाणी ऐका, पण नंतर

या कवितांचं दुसरं आयुष्य म्हणजे "लीड", पियानोवरचं एकल गायन. शूबर्टने १८१५ मध्ये "एर्लक्योनिग"ला चाल दिली. शूमानने १८४० मध्ये "मोंडनाख्ट"ला आणि हायनेच्या कित्येक कवितांना. मेंडेल्सझोनचं "आउफ फ्ल्यूगेलन डेस गेझांगेस" ऐकाल तर त्यात हायने प्रेयसीला गंगेच्या काठी कमळांत घेऊन जातो.

मात्र कविता स्वतः म्हणून झाल्याशिवाय गाणं लावू नका. शूबर्टची चाल एकदा कानात बसली की एर्लराजाचा आवाज तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने ऐकू येणार नाही. आधी तुमचं वाचन, मग नटाचं, मग गायकाचं.

१०. रसग्रहण लिहायचं असेल तर

बी.ए., एम.ए. किंवा वरच्या पातळीच्या परीक्षेत "गेडिश्ट-आनालूझे" येतं. पहिल्या वाक्यात कवी, शीर्षक, साल, विषय. मग दोन-तीन वाक्यांत आशय. मग घडण. सगळे घसरतात ते इथे: "कवितेत तीन कडवी आहेत, यमक एकाआड एक आहे, छंद यांबुस आहे" असं लिहून मोकळे होतात. ही नुसती यादी झाली. प्रत्येक निरीक्षणाला "त्याने काय होतं" हे जोडा. "तिसऱ्या कडव्यात पंख पसरताना ठोका पुढे सरकतो" एवढं एक वाक्य पानभर व्याख्यांना भारी पडतं.

यंत्राचं भाषांतर अर्थ तपासायला वापरा, हरकत नाही. पण उलट्या शब्दक्रमावर आणि गाळलेल्या स्वरांवर ते अडखळतं, त्यामुळे कर्ता आणि कर्म स्वतः अधोरेखित करा. मराठीत गद्य अर्थ लिहायला जितका वेळ लागेल तितका लागू द्या. पद्यात उतरवायचा मोह पहिल्या वर्षी आवरा.

वाचनाचा क्रम मी असा सुचवेन: रात्रगीत, "मोंडनाख्ट", हायनेची समुद्रकाठची तरुणी, म्योरिकेचं वसंतगीत "एअर इस्ट्स", "एर्लक्योनिग", शाकुंतलावरच्या चार ओळी, "विलकॉमेन उंड आब्शीड" दोन्ही पाठांत, मग "नेनिए", आणि त्यानंतर ह्योल्डर्लिन. "प्रोमेटॉइस" मधे कुठेही चालेल, राग आला असेल त्या दिवशी. शिलरचं घंटेवरचं लांबलचक काव्य (१७९९) सगळ्यात शेवटी ठेवा. ते छापून आलं तेव्हा येनामधली रोमँटिक मंडळी हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होती, असं त्यांच्यातल्याच कारोलिने श्लेगेलने पत्रात लिहिलंय. तुम्हाला हसू येतं का बघा.